मार्चमध्ये कुणाला किती टाकू द्यायचं

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या फिनिक्सच्या आसपास बेसबॉलचे पंधरा व्यावसायिक संघ मुक्कामाला येतात. त्यांच्यासाठी इथे दहा मैदानं आहेत, आणि एका टोकाच्या मैदानापासून दुसऱ्या टोकाचं मोटारीने साधारण तासाभरावर. उरलेले पंधरा संघ फ्लोरिडात उतरतात. १९४७ मध्ये क्लीव्हलँडचा संघ टूसॉनला आणि न्यू यॉर्क जायंट्स फिनिक्सला सरावासाठी आले, आणि तिथून ॲरिझोनातली ही कॅक्टस लीग सुरू झाली. साधारण सहा आठवड्यांचं शिबिर, त्यात तीसएक सराव सामने, आणि मार्चच्या अखेरीला १६२ सामन्यांच्या खऱ्या मोसमाची सलामी. या सहा आठवड्यांना इथे स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात.

मी दादरची, क्रिकेटवर वाढलेली. बेसबॉल मला मैदानापेक्षाही जास्त समजलं ते 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या संगणकावरच्या खेळातून. मार्कस हाइनसोन या जर्मन माणसाने १९९९ मध्ये तो पहिल्यांदा बाजारात आणला. यात बॅट फिरवायची नसते की चेंडू टाकायचा नसतो. संघ चालवायचा असतो. कोण खेळणार, कोण बसणार, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कितव्या चेंडूला उठवायचं, कुणाला खालच्या संघात पाठवायचं, हे सगळं आपण ठरवतो आणि निकाल यंत्र सांगतं. पुष्कळ जण स्प्रिंग ट्रेनिंगचे आठवडे भराभर पुढे सरकवून थेट सलामीच्या सामन्याला येतात. मला मात्र तेच आठवडे सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांनी मला जे दाखवलं, ते इथे मांडते.

१. या सामन्यांत जिंकण्याला किंमत नसते, हे समजायला एक क्षण लागतो आणि अंगी बाणायला बरेच मोसम.

सराव सामन्यांचे आकडे पुढे कुठेच मोजले जात नाहीत. सामना बरोबरीत सुटला तरी कुणी जादा इनिंग खेळत बसत नाही. तरीही पडद्यावर धावफलक दिसला की क्रिकेटवर पोसलेलं मन त्याच्यामागे धावतं. सातव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे असताना आपला उत्तम फलंदाज बाहेर काढून कुणा नवख्याला उतरवायचं, याला शिस्त लागते. मी हळूहळू धावफलकाऐवजी थकव्याचा रकाना आधी बघायला लागले. आज कुणी किती चेंडू टाकले, काल किती टाकले होते, उद्या कुणाचा हात मोकळा आहे. सामना संपल्यावर 'हरलो की जिंकलो' याआधी 'सगळे धड आहेत ना' हा प्रश्न मनात यायला लागला, तेव्हा स्प्रिंग ट्रेनिंग मला खऱ्या अर्थाने कळलं असं मी समजते.

धड असणं किती महाग असतं याची खरी उदाहरणं आहेतच. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी पिओरियाच्या मैदानावर, म्हणजे आमच्याच भागात, डॉजर्सचा गॅव्हिन लक्स दुसऱ्या बेसकडून तिसऱ्याकडे धावत होता. शिबिराचे अगदी सुरुवातीचे दिवस होते आणि सामना कुठेही मोजला जाणार नव्हता. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आणि त्याचं ते सबंध वर्ष गेलं.

२. हात जागा व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ विकत घेता येत नाही.

शिबिरात पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर सर्वांच्या आधी बोलावले जातात, बाकीचे जवळजवळ आठवड्याने. सामन्याची सुरुवात करणारा पिचर पहिल्या सामन्यात एक-दोन इनिंग टाकतो. पाच दिवसांनी थोडं अधिक, पुढच्या खेपेला आणखी थोडं. मार्च संपता संपता पाच-सहा इनिंग आणि ऐंशी-नव्वद चेंडूंपर्यंत त्याला नेऊन ठेवायचं असतं. म्हणून मी कॅलेंडर उलटं वाचते. सलामीच्या दिवसापासून पाच-पाच दिवस मागे मोजत जायचं आणि पहिल्या पिचरची पहिली पाळी कुठे येते ते ठरवायचं. एकदा ती तारीख पक्की झाली की पाळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या बाकीच्या चौघा पिचरांच्या तारखा आपोआप लागतात.

खऱ्या शिबिरात यासाठी एक सुंदर सोय असते. मोठ्या मैदानामागे सरावाची छोटी मैदानं असतात. तिथे खालच्या संघांतली मुलं आपापसात खेळत असतात. एखाद्या दिवशी नामांकित पिचर मुख्य सामना सोडून या मागच्या मैदानावर येतो आणि त्या मुलांना चेंडू टाकतो, कारण तिथे ठरलेल्या चेंडूंचा आकडा झाला की गडी बाद झालेले असोत नसोत, इनिंग तिथल्या तिथे थांबवता येते. कुणी तक्रार करत नाही. मोजमाप त्याच्या हाताचं असतं, खेळाचं नसतं.

इतकी काळजी का, याचं उत्तर कोपरात आहे. खांद्यावरून जोराने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर विलक्षण ताण येतो. तो तुटला की पूर्वी पिचर संपायचा. २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या मनगटातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५चं सबंध वर्ष त्याने बाहेर बसून काढलं, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे आणि ती इतकी रुळली आहे की शाळकरी मुलांच्या पालकांच्या तोंडीसुद्धा असते. मला ते ऐकून दर वेळी त्रास होतो.

३. कमी काम हेही ओझंच आहे. मला सर्वांत जास्त चकित केलं ते याने.

आपली सहज समजूत अशी, की विश्रांती दिली म्हणजे माणूस सुरक्षित. तसं नसतं. मार्चभर ज्याला जपून ठेवलं, तोच एप्रिलमध्ये एकदम सात इनिंगच्या तोंडी गेला तर त्याच्या हाताला ती उडी झेपत नाही. २०२० मध्ये याचा प्रयोगच झाला, आणि तो कुणीही आखलेला नव्हता. करोनामुळे १२ मार्चला शिबिरं बंद झाली. जुलैच्या सुरुवातीला खेळाडू पुन्हा गोळा झाले आणि तीन आठवड्यांत, २३ जुलैला, साठ सामन्यांचा मोसम सुरू झाला. पहिल्या काही आठवड्यांत पिचरांच्या दुखापती ठळकपणे वाढल्या. मधले तीन-साडेतीन महिने ते बसूनच होते, तरीही. खरं तर बसून होते म्हणूनच. २०२२ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यातला ९९ दिवसांचा तंटा १० मार्चला मिटला, ७ एप्रिलला मोसम सुरू झाला, आणि छोट्या शिबिराची भरपाई म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक संघाला २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवायची मुभा दिली गेली. दोन माणसं जास्त, म्हणजे बाकीच्यांच्या हातावरचा भार तेवढा कमी.

या विषयावर वाचत गेले तेव्हा एक गोष्ट पाहून मी हरखून गेले. या भाराच्या चढउताराचा एक गाजलेला अभ्यास २०१४ मध्ये झाला, तो क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांवर. हुलिन, गॅबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं दाखवलं, की गोलंदाजाने या आठवड्यात किती षटकं टाकली एवढंच पाहून पुरत नाही. गेल्या चार आठवड्यांत त्याला सरासरी किती सवय होती, त्याच्याशी ते ताडून पाहायला हवं. सवयीपेक्षा एकदम उडी मारली की पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका वाढतो. त्यांच्या गणिती सूत्रावर नंतर इतर अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आणि ते आक्षेप वजनदार आहेत. पण एकदम उडी नको, हे मला पटलेलं आहे, आणि माझ्या संघात मी तेच पाळते.

४. सारखेच आकडे म्हणजे सारखंच ओझं नव्हे.

बाबा दादरहून फोनवर बोलतात तेव्हा गोष्टी क्रिकेटच्याच असतात. मी त्यांना चेंडू मोजण्याबद्दल सांगत होते तेव्हा त्यांनी रमाकांत देसाईंचं नाव काढलं. उंचीने लहान म्हणून 'टायनी' म्हणत त्यांना. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांचा पहिला कसोटी सामना. वय एकोणीस. पहिल्याच डावात त्यांनी ४९ षटकं टाकली आणि १६९ धावांत चार बळी घेतले. वेस्ट इंडीजने आठ बाद ६४४ केल्या होत्या, आणि आपल्याकडे वेगवान म्हणावं असं दुसरं कुणी फारसं नव्हतं. १९६८ पर्यंत त्यांचं कसोटी क्रिकेट संपलंसुद्धा. २८ सामने, ७४ बळी. शेवटच्या न्यूझीलंड दौऱ्यात ड्युनेडिनला डिक मॉट्झचा चेंडू लागून जबडा मोडला, तरी ते खेळत राहिले आणि शेवटच्या जोडीसाठी बिशनसिंग बेदींबरोबर ५७ धावा जोडल्या.

बाबा हे सगळं अभिमानाने सांगतात आणि मलाही अभिमानच वाटतो. पण हल्ली त्या ४९ आकड्यापाशी मी थांबते. एकोणीस वर्षांच्या, लहान चणीच्या मुलाने एका डावात जवळजवळ तीनशे चेंडू जीव तोडून टाकले. आता त्याशेजारी बापू नाडकर्णींची १२ जानेवारी १९६४ची मद्रासची कामगिरी ठेवून पाहा. इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, पाच धावा, बळी एकही नाही, आणि त्यात लागोपाठ २१ षटकं निर्धाव. तीही अचाट मेहनत. पण ती डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची, मोजक्या पावलांची. नाडकर्णींची बत्तीस आणि देसाईंची बत्तीस यांची बेरीज एका रकान्यात करता येणार नाही.

बेसबॉलमध्येही असंच असतं. एका पिचरने पाच इनिंगमध्ये ७५ चेंडू टाकले, दुसऱ्याने तीन इनिंगमध्ये तेवढेच. आकडा एक. पण दुसऱ्याच्या एका इनिंगमध्ये पस्तीस चेंडू गेले, बेसवर सतत माणसं होती, श्वास घ्यायला उसंत नव्हती. मी त्या दुसऱ्याला पुढच्या खेपेला एक दिवस जास्त देते. खेळातल्या आकड्यांनी मला हे सांगितलेलं नाही. हे मला देसाईंनी सांगितलं.

५. कॅचरचं ओझं कुणाच्याच नजरेत भरत नाही.

शिबिरात साठ-पासष्ट माणसं असतात, त्यांत अर्धेअधिक पिचर. त्या प्रत्येकाचा सरावाचा चेंडू कुणीतरी उकिडवं बसून झेलायला लागतो. सामन्यात नऊ इनिंग, त्याआधी सकाळी मागच्या मैदानावर दोघा-तिघांचा सराव, आणि मधल्या वेळात स्वतःची फलंदाजी. तो लग्नघरातल्या आत्यासारखा असतो; पंगतीमागून पंगती वाढत राहते आणि तिच्या जेवणाचं कुणी विचारत नाही. म्हणून शहाणे संघ शिबिरात पाच-सात कॅचर बोलावतात. मीही बोलावते. माझ्या पहिल्या पसंतीच्या कॅचरला मार्चमध्ये लागोपाठ दोन दिवस झेलायला बसवत नाही, त्याला त्या जागेवरून उठवून एखाद दिवस नुसती फलंदाजी देते. जुलैत त्याचे गुडघे या विश्रांतीची आठवण ठेवतात.

६. काम वाटणं म्हणजे संधी वाटणं. सगळ्या शिकण्यात मला हेच सर्वांत मोठं वाटतं.

सुरुवातीला मी कामाच्या ओझ्याकडे केवळ दुखापतीच्या अंगाने पाहत होते. कुणाला किती झेपेल, बस्स. मग ध्यानात आलं की मार्चमधल्या इनिंग मोजक्या असतात. आपल्या नामांकित पिचरला मी आज चौथी इनिंग दिली, तर ती कुणातरी दुसऱ्याची गेली. तो दुसरा म्हणजे चाळीस जणांच्या मुख्य यादीत नसलेला, केवळ निमंत्रणावर शिबिरात आलेला मुलगा. किंवा चौतिशी उलटलेला, दोन शस्त्रक्रिया झालेला, शेवटचं एकदा दार ठोठावायला आलेला गडी. नामांकिताला ती इनिंग हवी असते ती हात तयार करण्यासाठी. याला हवी असते ती कुणीतरी आपल्याकडे पाहावं म्हणून. एकाच इनिंगच्या या दोन अगदी वेगळ्या किमती आहेत आणि त्या दोन्ही एकाच तक्त्यावर बसवाव्या लागतात.

आणि हे लोक फार काळ फुकट राबले. खालच्या संघांतल्या बहुतेक खेळाडूंना स्प्रिंग ट्रेनिंगच्या आठवड्यांचा पगारच मिळत नसे. पगार मोसम सुरू झाल्यावर. खेळाडूंनी कोर्टात लढा दिला, २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खालच्या स्तरावरचे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. हे वाचल्यापासून मागच्या मैदानावर कडक उन्हात धावणाऱ्या पोरांकडे पाहताना माझी नजर बदलली. ती मुलं हौस म्हणून तिथे नव्हती.

भारतीय वाचकाला इथे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतील. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात झालेल्या 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडले गेले. तोवर बेसबॉल त्यांनी धड पाहिलंही नव्हतं. कॅलिफोर्नियात टॉम हाउस या प्रशिक्षकाकडे शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. संघाचं शिबिर फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला. तिथे बाकीची मुलं वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून हा चेंडू हातात धरत आलेली. या दोघांना मात्र हात सांभाळत सांभाळत सगळा खेळच शिकायचा होता. दिनेश २०१० च्या अखेरीस घरी परतला. रिंकूने खालच्या स्तरांवर काही मोसम चांगली पिचिंग केली, पुढे दुखापतींनी त्याला थांबवलं आणि नंतर तो कुस्तीच्या रिंगणात उतरला. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमा निघाला. सिनेमा संपतो तिथून पुढची वर्षं मला जास्त जवळची वाटतात, कारण ती अशा असंख्य मुलांची आहेत ज्यांच्यावर सिनेमा निघत नाही.

माझ्या संघात आता एक रिवाज आहे. शिबिरात बोलावलेल्या प्रत्येक पिचरला पहिल्या दोन आठवड्यांत किमान दोनदा, आणि बरोबरीच्या फलंदाजांसमोर, चेंडू मिळतोच. नवव्या इनिंगमध्ये समोर दुय्यम फलंदाज असताना दिलेली संधी मी संधी म्हणून धरत नाही. यंत्राला याने काही फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे. ती नावंही बहुतेक यंत्रानेच तयार केलेली असतात. तरी मी हे पाळते.

७. न झालेली दुखापत दिसत नाही, म्हणून तिचं श्रेय कुणालाच देता येत नाही.

खऱ्या जगात मार्च एकदाच येतो. संगणकावर मात्र तो जतन करून ठेवता येतो आणि तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. कुतूहल म्हणून मी एकच शिबिर त्याच दिवसापासून पुनःपुन्हा चालवून पाहिलं. आखणी तीच, विश्रांती तीच, तक्ते तेच. एका फेरीत सगळे सुखरूप. दुसऱ्या फेरीत मी सर्वांत जास्त जपलेला पिचर दुसऱ्याच आठवड्यात कोपर धरून बाहेर. आणखी एका फेरीत ज्याच्याकडून सर्वांत जास्त काम घेतलं तो ठणठणीत आणि निवांत बसलेला गडी पाय मुरगळून गेलेला.

हे पाहून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपल्या हातात शक्यता असते. निकाल नसतो. जपणुकीने वाईट घडण्याची शक्यता कमी होते आणि तेवढ्यासाठीच ती करायची. घडलंच तर जपणूक व्यर्थ होती असं नाही, आणि घडलं नाही तर माझ्यामुळे घडलं नाही असंही म्हणता येत नाही. कार्डिनल्सचा ॲडम वेनराइट २०११ मध्ये शिबिराच्या पहिल्याच दिवसांत कोपर दुखावून बसला आणि सबंध मोसमाला मुकला. तो संघाचा आधारस्तंभ होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डिनल्सनी वर्ल्ड सीरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकलं. फेब्रुवारीत हे कुणी म्हटलं असतं तर कुणी ऐकून घेतलं नसतं.

रॉबर्ट कूव्हरची १९६८ ची एक कादंबरी आहे, 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन'. तिचा नायक हेन्री वॉ एकटा बसून फाशांवर बेसबॉलची काल्पनिक लीग चालवतो आणि एका दिवशी फाशांचं दान असं पडतं की त्याचा लाडका तरुण पिचर मैदानावर मरतो. ती वाचली तेव्हा मला माझ्या गुंतण्याचा संकोच वाटेनासा झाला. आपण ज्यांची काळजी घेतो त्यांच्यात जीव अडकतो. मग ते कागदावरचे का असेनात.

८. काही ओझी आपल्या तक्त्याबाहेरून येतात. २०२३ च्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांच्या संघांची स्पर्धा होती. तिथे पिचरांना पहिल्या फेरीत ६५, उपउपांत्य सामन्यात ८० आणि त्यापुढे ९५ चेंडूंची मर्यादा होती. तीस चेंडू टाकले की एक दिवस सक्तीची विश्रांती, पन्नास टाकले की चार दिवस. नियम नेटके. १५ मार्चला प्वेर्तो रिकोने सामना जिंकला, एडविन डियाझ सहकाऱ्यांबरोबर आनंदाने उड्या मारत होता, आणि त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. त्याच्या मेट्स संघाला तो वर्षभर मिळाला नाही. तरीही मी माझ्या खेळाडूंना देशासाठी जाऊ देते. देशासाठी खेळण्याची आस काय असते हे मला कुणी समजावून सांगायला नको.

९. पडद्यावरचा खेळाडू थकवा लपवत नाही. खरा माणूस लपवतो.

माझ्या संघातल्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा थकवा लिहिलेला असतो. कोण पटकन दुखावणारा, कोण पोलादी, हेसुद्धा. खऱ्या शिबिरात ज्याची जागा धोक्यात आहे, तो कोपर दुखतंय असं मार्चमध्ये सांगेल कशाला? सांगितलं की नाव कापलं जायची भीती. शिवाय न थांबता खेळत राहण्याचं कौतुक इथेही आपल्याइतकंच. कॅल रिपकिन १९८२ ते १९९८ लागोपाठ २,६३२ सामने खेळला आणि त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. योग्यच होतं ते. पण त्याच्याकडे पाहून किती जणांनी आपलं दुखणं गिळलं असेल, याचा हिशेब कुठे नाही.

मेजर लीगने, म्हणजे या तीस संघांच्या लीगने, डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. वेगाच्या हव्यासावर त्यात बोट ठेवलेलं आहे. २००८ मध्ये सरळ वेगवान चेंडूची सरासरी ताशी ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ९४.२ झाली. पूर्वी खेळाडू हिवाळ्यात दुसरं काही काम करून शिबिरात अंग मोकळं करायला यायचे. आता ते हिवाळाभर पूर्ण ताकदीने चेंडू फेकून येतात, आणि शिबिराच्या सुरुवातीलाच दुखापतींचा ढीग दिसतो. म्हणजे मी पंधरा फेब्रुवारीपासून मोजायला लागते तेव्हा खरं मोजणं केव्हाच सुरू झालेलं असतं.

१०. हे सगळं मी घरात वापरते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि पिचर आहे. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून इनिंग मोजणं सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली. त्याच्या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ च्या पुढे गेला तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ असतील तर तीन दिवस. एका सामन्यात ४१ किंवा जास्त चेंडू टाकले तर त्या दिवशी कॅचर म्हणूनही उभं राहता येत नाही. नियम चांगले आहेत, मनापासून केलेले आहेत. पण इथली बरीच मुलं एकाच मोसमात दोन संघांकडून खेळतात. एक शाळेजवळच्या लीगचा आणि एक शनिवार-रविवारी गावोगावी जाणारा. प्रत्येक संघ आपापले चेंडू काटेकोर मोजतो. हात मात्र एकच असतो आणि दोन्हीकडची बेरीज करणं कुणाचंच काम नसतं.

ते काम मी घेतलं. हातात मोजणीचं छोटं यंत्र घेऊन तारेच्या कुंपणामागे बसते. "आई, हात दुखत नाहीये गं," तो प्रत्येक सामन्यानंतर आधीच सांगून टाकतो, मी काही विचारायच्या आत. मी त्यावर विश्वास ठेवते आणि आकडाही लिहिते. त्याला मी ४९ षटकांची गोष्ट सांगितली आहे, त्याच्या आजोबांच्याच शब्दांत, अभिमानासकट. त्याने विचारलं, "त्यांना कुणी थांबवलं का नाही?" मी म्हटलं, तेव्हा थांबवायला दुसरा गोलंदाज हवा होता.

आता दोन्ही प्रशिक्षकांकडे एकच तक्ता असतो. दर रविवारी रात्री मी तो भरते आणि दोघांना पाठवते. सुरुवातीला एकाला ते आवडलं नव्हतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानेच फोन करून विचारलं, संघातल्या आणखी तीन मुलांची नावं यात घालता येतील का. त्यांतला एक कॅचर आहे. त्याच्यासाठी मी वेगळा रकाना आखला आहे, आणि त्यात काय काय मोजायचं यावर आमची अजून चर्चा चालू आहे.